सॉफ्टवेअर ॲश्युरन्स आणि तंत्रज्ञान धोरण : या वाटेने जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सविस्तर उत्तर

तुम्ही धुळ्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहात, पुढे प्राध्यापक व्हायची तुमची इच्छा आहे आणि तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत. सॉफ्टवेअर ॲश्युरन्स आणि टेस्टिंग यांत खरोखर काही फरक आहे का; संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाने तंत्रज्ञान धोरणात नेमके काय काम करायचे असते; आणि हे सगळे खान्देशात राहून जमण्यासारखे आहे का. मी जळगावात अनेक वर्षे हा विषय शिकवत आलो आहे, इतरांनी लिहिलेल्या प्रणाली तपासल्या आहेत आणि सार्वजनिक नियमांच्या मसुद्यांवर लेखी मते दिली आहेत. त्या आधारावर हे उत्तर लिहितो. ते लांबेल, कारण पहिल्या प्रश्नाचा उलगडा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही.

टेस्टिंग हा ॲश्युरन्सचा एक भाग आहे, पण त्याच्या जोरावर फार मोठे दावे करता येत नाहीत. आपण प्रणालीला काही निवडक इनपुट देतो आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे येते का ते पाहतो. चाचणीने दोष असल्याचे दाखवता येते, दोष नसल्याचे दाखवता येत नाही, हे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. ॲश्युरन्सचा रोख निराळा असतो. ही प्रणाली अमुक परिस्थितीत अमुक प्रकारचे नुकसान करणार नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्या म्हणण्यामागे पुरावा कोणता आहे, त्या पुराव्यावरून निष्कर्षापर्यंत नेणारा युक्तिवाद कोणता आहे, आणि तो युक्तिवाद उभा करताना कोणकोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत, हे तपासणे म्हणजे ॲश्युरन्स. ज्याने प्रणाली बनवली त्याला तिच्याबद्दल खात्री वाटते की नाही, याला इथे फारसे महत्त्व नसते. परक्या, शंकेखोर माणसाला पटेल असे काय हातात आहे, एवढेच पाहायचे असते.

चाचणी कुठे थिटी पडते हे एका हिशेबाने दाखवतो. भुसावळ विभागात ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी आहे त्यांना 'कवच' ही यंत्रणा ठाऊक असेल. चालकाकडून लाल सिग्नल ओलांडला जाऊ नये म्हणून गाडीला आपोआप ब्रेक लावणारी ही देशी यंत्रणा २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली, आणि ती एसआयएल-४ या सर्वांत वरच्या सुरक्षा पातळीची आहे. या पातळीवर धोकादायक बिघाड दर दहा कोटी तासांत एकाहून कमी अपेक्षित असतो. दहा कोटी तास म्हणजे सुमारे ११,४०० वर्षे. एक संच अखंड चालवून हे सिद्ध करायला कोणाचेच आयुष्य पुरणार नाही, आणि शंभर संच एकाच वेळी चालवले तरी ११४ वर्षे लागतील. नासाच्या लँगली केंद्रातील रिकी बटलर आणि जॉर्ज फिनेली यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विमानातील प्राणरक्षक सॉफ्टवेअरसाठी हाच मुद्दा गणिताने मांडला : इतकी उच्च विश्वासार्हता केवळ चाचणीच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. म्हणूनच रेल्वेच्या सॉफ्टवेअरसाठीचे ईएन ५०१२८ किंवा विमानांसाठीचे डीओ-१७८सी यांसारखी मानके सॉफ्टवेअरकडून बिघाडाचा आकडा मागत नाहीत. ते कसे लिहिले, कोणी तपासले, प्रत्येक आवश्यकता कोडच्या कोणत्या भागापर्यंत पोहोचते आणि त्याची नोंद कुठे आहे, याचा पुरावा ती मागतात.

गणिती सिद्धता हा याहून कडक मार्ग आहे. एसईएल-४ नावाच्या मायक्रोकर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी छोट्या गाभ्याची, सिद्धता २००९ मध्ये पूर्ण झाली. सी भाषेतील सुमारे ८,७०० ओळींच्या कोडसाठी सिद्धतेच्या जवळपास दोन लाख ओळी लिहाव्या लागल्या. हे काम पाहून माझ्या मनात आजही आदर दाटून येतो. तरीही त्या सिद्धतेच्या सुरुवातीला गृहीतके स्पष्ट लिहिलेली आहेत, आणि ती वाचल्याशिवाय निष्कर्ष वाचू नये, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो. एरियन-५ या युरोपीय अग्निबाणाचे ४ जून १९९६ रोजीचे पहिले उड्डाण चाळीस सेकंदांच्या आत संपले. ६४ बिटांच्या एका संख्येचे १६ बिटांत रूपांतर करताना ती मावली नाही, हे तांत्रिक कारण सर्वांना माहीत आहे. पण तो कोड एरियन-४ साठी लिहिलेला होता आणि तिथे तो योग्यच होता, कारण त्या अग्निबाणाच्या मार्गावर ती संख्या तेवढी मोठी होतच नसे. नव्या अग्निबाणाने जुने गृहीतक मोडले आणि ते गृहीतक कोणाच्याही यादीत नव्हते.

आता आपल्याकडचेच एक उदाहरण जवळून पाहू. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतल्या केळी उत्पादकांना हवामानावर आधारित फळपीक विमा चांगला परिचयाचा आहे. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदवलेल्या तापमानावरून भरपाई ठरते, त्यासाठी प्रत्येक शेतात पंचनामा व्हावा लागत नाही. या धर्तीवर मी वर्गात एक नियम देतो, आकडे केवळ उदाहरणापुरते : 'हिवाळ्यात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याहून कमी राहिल्यास भरपाई देय आहे.' मुले थोड्याच वेळात पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहितात, पाच-सहा चाचण्या चालवतात आणि सगळ्या उत्तीर्ण झाल्या म्हणून सांगतात. मग मी फळ्यावर तक्ता काढतो. तीन दिवसांचे तीन रकाने, आणि प्रत्येक दिवसासाठी तीन शक्यता : तापमान ८ किंवा खाली, तापमान ८ च्या वर, किंवा केंद्राकडून नोंदच आली नाही. एकूण २७ ओळी होतात. ज्या आठ ओळींत तिन्ही दिवसांच्या नोंदी आहेत, त्यांच्याबद्दल वाद नसतो. उरलेल्या १९ पैकी १२ ओळींत एखाद्या तरी दिवशी पारा वर गेल्याचे नोंदलेले असते, म्हणून तिथेही उत्तर 'नाही' असे निघते. राहतात सात ओळी, आणि त्या सातही ओळींबद्दल नियम काहीच बोलत नाही.

सोमवारी ७ अंश, मंगळवारी केंद्राची बॅटरी उतरल्यामुळे नोंद नाही, बुधवारी पुन्हा ७ अंश. एका विद्यार्थ्याच्या प्रोग्रामने रिकाम्या जागी शून्य धरले, त्यामुळे भरपाई मिळाली. दुसऱ्याच्या प्रोग्रामने मंगळवार वगळला आणि बुधवार सोमवारला जोडला, म्हणून भरपाईसाठी गुरुवारची वाट पाहावी लागली. तिसऱ्याने नोंद नसली की मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली आणि शेतकरी बाहेर पडला. तिघांनीही दिलेला नियम पाळला होता. यात आणखी भर म्हणजे ८.०४ अंशाचे ८.० करायचे का, आणि दिवस मध्यरात्री बदलतो की हवामान विभागाच्या प्रथेप्रमाणे सकाळी साडेआठला. पहाटेचे किमान तापमान मोजायचे असल्यामुळे या शेवटच्या प्रश्नाने एखादी नोंद एका तारखेवरून दुसऱ्या तारखेवर जाऊ शकते. प्रत्यक्षातल्या एखाद्या योजनेत अशा ओळी मोकळ्या राहिल्या असतील तर त्या भरण्याचा निर्णय कोणीतरी प्रोग्रामर आपल्या टेबलावर घेतो. तो निर्णय कोणत्याही शासन निर्णयात छापलेला नसतो आणि ज्या शेतकऱ्याच्या खात्यावर त्याचा परिणाम होतो त्याला तो निर्णय झाल्याचेसुद्धा कळत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या सात ओळींत आहे. त्या ओळी शोधून काढणे हे तंत्रज्ञाचे काम आहे, कारण नियम लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला त्या सहसा दिसत नाहीत. त्या ओळींत काय भरायचे हे मात्र तंत्रज्ञाने ठरवायचे नसते. यंत्र बंद पडल्याचा तोटा शेतकऱ्याने सोसायचा, विमा कंपनीने की शासनाने, हा सार्वजनिक निर्णय आहे आणि तो उघडपणे, जबाबदार माणसाच्या सहीने झाला पाहिजे. सॉफ्टवेअर ॲश्युरन्स जिथे 'इतके सिद्ध झाले, इतके झाले नाही' असे म्हणून थांबते, तिथून धोरण सुरू होते, आणि न सिद्ध झालेल्या भागाचा भार कोणावर टाकायचा हे धोरण ठरवते. या दोन्ही बाजू समजणारी माणसे फार थोडी आहेत. म्हणून तुम्ही हा विषय निवडत आहात याचा मला मनापासून आनंद झाला.

अशा कारकिर्दीचा नमुना म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांच्याबद्दल सांगतो. सॉफ्टवेअरचे भाग कसे पाडावेत, प्रत्येक भागाने कोणता निर्णय स्वतःच्या पोटात लपवावा, यावरचा त्यांचा १९७२ चा शोधनिबंध आजही शिकवला जातो. त्यानंतर त्यांनी अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेबरोबर ए-७ या लढाऊ विमानाच्या सॉफ्टवेअरच्या आवश्यकता तक्त्यांच्या रूपात लिहून काढण्याचे काम केले. मी वर दाखवलेली पद्धत त्याच घराण्यातली आहे. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी शत्रूची क्षेपणास्त्रे हवेतच नष्ट करणाऱ्या संरक्षण यंत्रणेची कल्पना जाहीर केली आणि १९८५ मध्ये तिच्या संगणकविषयक सल्लागार मंडळावर पार्नास यांना घेण्यात आले. मानधन दिवसाला एक हजार डॉलर होते. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि सोबत आठ छोटे लेख जोडून आपली कारणे सांगितली.

ते राजीनामापत्र भावनेच्या भरात लिहिलेले नव्हते. संरक्षणविषयक कामाला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता, ते स्वतः वर्षानुवर्षे तेच काम करत होते. त्यांचे म्हणणे असे होते की ज्या लक्ष्यांविरुद्ध ही यंत्रणा चालायची आहे त्यांची वैशिष्ट्ये आधी निश्चित माहीत नसतील, खऱ्या युद्धाच्या परिस्थितीत तिची चाचणी घेता येणार नाही, आणि युद्ध इतके थोडा वेळ चालेल की चुका दुरुस्त करायला उसंत मिळणार नाही. तेव्हा ती पहिल्याच वेळी बरोबर चालेल असा विश्वास ठेवायला कोणालाही आधार नसेल, आणि ज्या यंत्रणेवर विश्वास ठेवता येत नाही तिच्या भरवशावर कोणताही देश आपली शस्त्रे कमी करणार नाही. हा युक्तिवाद तुम्ही नीट पाहा. त्यातले प्रत्येक पाऊल सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे आहे, पण निष्कर्ष राष्ट्रीय धोरणाचा आहे. मंत्र्याला, पत्रकाराला आणि सहव्यावसायिकाला तो एकाच मजकुरातून तपासता येतो. पुढे कॅनडातील डार्लिंग्टन अणुवीज केंद्रात अणुभट्टी बंद करणारी यंत्रणा प्रथमच सॉफ्टवेअरवर चालणार होती, तेव्हा तिथल्या अणुनियामकाने पार्नास यांचा सल्ला घेतला. काही हजार ओळींचा तो कोड तक्त्यांच्या साहाय्याने ओळीओळीने तपासला गेला आणि त्यानंतरच परवाना मिळाला. म्हणजे तोच माणूस एका ठिकाणी 'हे करता येणार नाही' म्हणाला आणि दुसऱ्या ठिकाणी 'हे अशा रीतीने करता येईल' म्हणाला. दोन्ही वेळा त्याच्याजवळ तांत्रिक कारण होते, आणि माझ्या मते या क्षेत्रातल्या प्राध्यापकाची खरी लायकी इथेच दिसते.

धोरणाची बाजू किती जिव्हाळ्याची असते हे समजण्यासाठी ब्रिटनच्या टपाल खात्यातील 'होरायझन' प्रकरण जरूर अभ्यासा. फुजित्सू कंपनीची ही हिशेबप्रणाली १९९९ पासून तिथल्या उपडाकघरांत बसवली गेली. प्रणालीत तूट दिसली की ते उपडाकघर चालवणाऱ्या माणसाने पैसे खाल्ले असे धरले जाई. ९०० हून अधिक जणांना शिक्षा झाल्या. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरे गेली. प्रणालीत असे दोष होते की ज्यांमुळे शाखेच्या हिशेबात खोटी तूट दिसू शकत होती, आणि बाहेरून शाखेच्या नोंदी बदलता येत होत्या, हे लंडनच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०२४ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. यामागे पुराव्याच्या कायद्यातला एक बदल होता. १९८४ च्या कायद्याप्रमाणे इंग्लंडमध्ये संगणकीय पुरावा मांडणाऱ्याला संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागत असे. १९९९ च्या कायद्याने ती तरतूद काढून टाकली, आणि उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर आहे असे गृहीत धरले जाऊ लागले. उलट सिद्ध करायला लागणारे लॉग, दोषांच्या नोंदी आणि कोड मात्र आरोपीच्या हाती नव्हते.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते, त्यात हॅश मूल्य, म्हणजे नोंदीच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, लिहावे लागते आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. ही प्रगती आहे, पण हॅश मूल्याने एवढेच कळते की न्यायालयापुढची प्रत मूळ नोंदीशी तंतोतंत जुळते. मूळ नोंदच चुकीच्या हिशेबातून तयार झाली असेल तर ती चूकही तितक्याच तंतोतंत न्यायालयापर्यंत पोहोचते. संगणक त्या काळात व्यवस्थित चालत होता, असे म्हणणारी सही करणाऱ्याने ते कशावरून म्हटले, हा प्रश्न अमळनेरच्या किंवा भुसावळच्या न्यायालयात पतसंस्थेच्या एखाद्या लिपिकाच्या वकिलाला विचारता आला पाहिजे, आणि त्याचे उत्तर समजून सांगणारा अभियंता जिल्ह्यात असला पाहिजे. बाजार समितीतल्या वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, कारण काट्याच्या आत काय आहे हे कापूस घेऊन आलेला शेतकरी उघडून पाहू शकत नाही. हिशेब करणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरवर असा कोणताही शिक्का नाही. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील एसटीक्यूसी ही संस्था १९८० पासून चाचणी व प्रमाणनाचे काम करते आहे आणि आधारसाठी वापरल्या जाणाऱ्या बोटांच्या ठशांच्या यंत्रांना तिचेच प्रमाणन लागते. पण सर्वसामान्य माणसाचे देणे-घेणे ठरवणाऱ्या प्रणालींचा पसारा पाहता हे काम अजून फार वाढायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधारचा उल्लेख आला म्हणून सांगतो, देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. त्यामुळे खान्देशातल्या विद्यार्थ्याने हा विषय दुरून पाहण्याचे कारण नाही. बोटाचे ठसे जुळतात की नाही, याचे यंत्राकडून येणारे उत्तर मुळात साम्याच्या गुणांवर अवलंबून असते, आणि किती गुणांना 'जुळले' म्हणायचे ही मर्यादा माणसाने ठरवलेली असते. ती वर नेली तर खऱ्या माणसाला नाकारण्याचे प्रमाण वाढते, खाली आणली तर तोतयाला स्वीकारण्याचे. ऊसतोडणी, वीटभट्टी, शेतमजुरी यांत ज्यांची बोटे झिजली आहेत त्यांच्या वाट्याला पहिला दोष जास्त येतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार योजना मोठ्या अंशी वैध ठरवली आणि ठसे न जुळल्यामुळे कोणी लाभापासून वंचित राहू नये हा मुद्दाही विचारात घेतला. तंत्रज्ञान धोरणाचा अभ्यासक इथे दोन गोष्टी विचारतो : मर्यादा कोणी आणि कोणत्या चाचणीवरून ठरवली, आणि यंत्र 'नाही' म्हणाल्यावर रेशन दुकानदाराने पुढे काय करायचे हे लेखी आहे का.

मतदान यंत्रांच्या वादाबद्दलही विद्यार्थी हमखास विचारतात. त्यात पडण्याआधी अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ रोनाल्ड रिव्हेस्ट आणि जॉन वॅक यांनी २००६ मध्ये मांडलेली कसोटी समजून घ्या : सॉफ्टवेअरमधला न सापडलेला दोष किंवा बदल हा निकालात न सापडणारा बदल घडवू शकत असेल, तर ती यंत्रणा स्वीकारू नये. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आपल्याकडे टप्प्याटप्प्याने सर्वत्र आलेल्या छापील चिठ्ठीकडे या कसोटीतून पाहिले की चर्चा पक्षांच्या आरोपांवरून हटते आणि किती चिठ्ठ्या, कशा निवडून, कधी मोजायच्या, या मोजता येण्याजोग्या प्रश्नांवर येते.

आता कारकिर्दीच्या क्रमाबद्दल. धोरण हा शब्द आकर्षक वाटतो, म्हणून अनेक हुशार मुले पदवीनंतर लगेच त्यात शिरतात. माझा सल्ला याच्या उलट आहे. आधी निदान दहा वर्षे तांत्रिक काम करा. कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि गणिती तर्कशास्त्र यांचा पाया पक्का करा. टीएलए प्लस, ॲलॉय, सीबीएमसी, डॅफ्नी ही मॉडेल किंवा कोड गणिती रीतीने तपासणारी साधने विनामूल्य आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. त्यांतले एक साधन असे हातात बसवा की दुसऱ्याच्या कोडमधली चूक त्याने शोधून दाखवता येईल. पीएच.डी.साठी या विषयात मुरलेला मार्गदर्शक हवा आणि त्यासाठी खान्देशाबाहेर जावे लागेल, हे आधीच मान्य करा. आयआयटी मुंबईत फॉर्मल व्हेरिफिकेशनवर, म्हणजे गणिती पडताळणीवर, दीर्घकाळ उत्तम काम झाले आहे. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात कोडच्या स्वयंचलित विश्लेषणावर गंभीर संशोधन होत आले आहे. सी-डॅक ही सरकारी संगणन संशोधन संस्थाही पुण्यातच आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरची व्याख्याने तर आजच रात्री सुरू करता येतील.

कायद्याचा अभ्यास सोबत चालू ठेवा, पण वकिलासारखा नको. २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा, सायबर घटना सहा तासांत कळवण्याची सक्ती करणारे सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मूळ मजकुरातून वाचा. वाचताना प्रत्येक कलमापुढे लिहा की याचे पालन झाले हे बाहेरचा माणूस कशावरून ओळखेल. बऱ्याच कलमांपुढची जागा रिकामी राहील, आणि त्या जागांतून संशोधनाचे विषय मिळतात.

अहवाल लिहिण्याची शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या. 'प्रणाली सुरक्षित आहे' हे वाक्य कधीही लिहू नका. अमुक आवृत्तीचा अमुक भाग, अमुक साधनाने, अमुक गृहीतके धरून तपासला, त्यात अमुक प्रकारचे दोष आढळले नाहीत आणि पुढील भाग तपासलेला नाही, असे लिहा. समितीतले लोक यावर नाराज होतात. त्यांना होय किंवा नाही एवढेच हवे असते. त्यांच्या समाधानासाठी वाक्य गुळगुळीत केले की तुमच्या सहीचा उपयोग संपतो. ज्या कंपनीची प्रणाली तपासायची तिच्याकडून तुम्हाला किंवा तुमच्या विभागाला निधी मिळाला असेल, तर ते अहवालाच्या पहिल्याच पानावर नोंदवा, आणि रक्कम मोठी असेल तर काम नम्रपणे नाकारा. तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क करारात नसेल तरीही नाकारा. प्राध्यापकाला पगारापलीकडे जे स्वातंत्र्य मिळते ते याच कामासाठी आहे, असे मी मानतो.

राहिला खान्देशाचा प्रश्न. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये सुरू झाले, जळगाव, धुळे, शिरपूर इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि शिकायला येणारी मुले कोणत्याही शहरातल्या मुलांपेक्षा कमी नाहीत. उणीव आहे ती समव्यवसायी माणसांची. या विषयावर रोज वाद घालायला शेजारच्या खोलीत कोणी नसते. ती उणीव वर्षातून एक-दोन परिषदा आणि कार्यशाळांना जाऊन, आणि आपल्या कामाचे मसुदे बाहेरच्या अभ्यासकांना नेमाने पाठवून भरून काढावी लागते. धोरणाच्या बाजूने पाहता इथे बसण्याचा फायदाच आहे. २०१४ च्या केंद्रीय धोरणाप्रमाणे कायद्याचे मसुदे निदान तीस दिवस लोकांच्या सूचनांसाठी खुले ठेवणे अपेक्षित आहे, आणि त्यावर अभिप्राय पाठवायला दिल्लीत राहावे लागत नाही. त्या मसुद्यांचा परिणाम ज्या काउंटरवर, ज्या गोदामात, ज्या तलाठी कार्यालयात दिसतो ते तुमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. महानगरातल्या अभ्यासकाला ही माहिती सहसा मिळत नाही.

तुमच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी एक सूचना करतो. पीक विमा, शिष्यवृत्ती, धान्यवाटप यांपैकी कोणत्याही एका योजनेची प्रसिद्ध झालेली नियमावली घ्या. तिच्यातल्या पात्रतेच्या अटींचा पूर्ण तक्ता करा, ॲलॉयमध्ये तिचे मॉडेल लिहा आणि ज्या ओळींवर नियमावली गप्प आहे त्या शोधून काढा. मग त्या ओळी साध्या मराठीत, दोन पानांत, प्रत्येकीसाठी एकेका काल्पनिक अर्जदाराचे उदाहरण देऊन लिहा आणि संबंधित जिल्हा कार्यालयाला द्या. उत्तर यायला वेळ लागेल, कदाचित स्मरणपत्रही द्यावे लागेल. अर्ज देताना पोच घ्या आणि तिच्यावरचा आवक क्रमांक प्रकल्प-अहवालाच्या परिशिष्टात जोडा.